गेगेनिओफिस शेषाचारी : कोकणातील एक पिले प्रसवणारे देवगांडूळ

उभयचर वर्गातील विद्यमान प्राण्यांचे तीन गण मानले जातात. पहिला बेडूक व भेक यांचा, दुसरा सॅलॅमँडर व न्यूट यांचा आणि तिसरा अपाद, म्हणजे पाय नसलेल्या उभयचरांचा. या तिसऱ्या गणास जिम्नोफायोना किंवा अपोडा म्हणतात. त्यातील प्राण्यांना मराठीत देवगांडूळ हे नाव आता रूढ होत आहे. उभयचरांच्या आठ हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी या गणाच्या वाट्याला सव्वादोनशेच्या आसपासच जाती येतात. त्या सर्व उष्ण कटिबंधात व त्यालगतच्या प्रदेशांत आढळतात. भारतात सुमारे ४० जाती असून त्या इक्थिओफिइडी, इंडोटिफ्लिडी व चिकिलिडी या तीन कुलांत विभागलेल्या आहेत.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा या गणाशी परिचय होतो तो बहुधा इक्थिओफिस या एकाच वंशाच्या द्वारे. प्रयोगशाळेतील बरणीत तोच असतो आणि क्रमिक पुस्तकातही त्याचीच आकृती असते : ओलसर बिळात अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून बसलेली मादी. त्यामुळे अपाद उभयचर अंडी घालतात, मादी ती राखते आणि अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ पाण्यात वाढतो, असा सर्वसाधारण समज होतो. इक्थिओफिसपुरते हे खरे आहे. परंतु संपूर्ण गणास ते लागू करणे चुकीचे ठरते. हे दाखवून देणारा उत्तम दाखला महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. गेगेनिओफिस शेषाचारी ही कोकणातील जाती अंडी घालीत नाही. ती पिलांना जन्म देते.

बाह्यरूप आणि ओळख

देवगांडुळाचे शरीर लांबट, दंडगोलाकार व वलयांकित असते. त्वचा नग्न, ओलसर व ग्रंथियुक्त असते. पाय व त्यांना आधार देणाऱ्या मेखला यांचा पूर्ण अभाव असतो. शेपटी अत्यल्प असते किंवा नसतेच, त्यामुळे अवस्कराचे छिद्र शरीराच्या अगदी टोकाजवळ येते. डोळे ऱ्हास पावलेले असून त्वचेखाली, तर काही वंशांत कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात. डोळा व नासाछिद्र यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंस एकेक लहानशी स्पर्शिका असते. ती बाहेर काढता व आत घेता येते आणि तिच्या साहाय्याने मातीतील रासायनिक संवेदना टिपल्या जातात. अशी स्पर्शिका दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यास नाही. म्हणून ओळख पटविण्याचे सर्वांत निश्चित लक्षण तेच होय.

ओळखीचा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मराठवाड्यात वसमत परिसरात हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. कंद काढण्यासाठी जमीन उकरली की गांडुळांबरोबर कधी कधी एक बारीक, काळसर, चकचकीत प्राणी वळवळताना दिसतो. तो देवगांडूळ नव्हे, तो वाळा. इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस हे त्याचे शास्त्रीय नाव असून तो साप आहे. त्याचे अंग कोरड्या, गुळगुळीत, एकावर एक बसलेल्या खवल्यांनी मढलेले असते. डोळे खवल्याखाली काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, शेपटीच्या टोकास बारीक काटा असतो आणि दुभंगलेली जीभ बाहेर येत असते. देवगांडुळाच्या अंगावर बाहेरून खवले दिसत नाहीत; काही जातींत ते असतात, परंतु वलयांच्या खाचांत त्वचेत दडलेले असतात. गांडुळाशी तुलना केल्यास भेद याहून मोठा आहे : देवगांडुळास कवटी, जबडे, दात आणि पाठीचा कणा आहे. गांडूळ, साप व उभयचर या परस्परांपासून दूर असलेल्या तीन समूहांना भूमिगत जीवनाने जवळजवळ एकच आकार दिला आहे. एकसमान परिस्थितीमुळे घडणाऱ्या समरूपतेचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

अंतर्रचनेतील एक विशेष येथे नमूद केला पाहिजे. मातीत शिरताना देवगांडूळ केवळ नागमोडी वळत नाही. त्याची त्वचा व त्यालगतचे स्नायू यांचे बाह्य आवरण आतील कण्यापासून बरेचसे सुटे असते. आवरणातील स्नायू आकुंचन पावले की देहगुहेतील द्रवावर दाब पडतो, शरीर लांबते आणि डोके पुढे रेटले जाते. ओरायली, रिटर व कॅरियर यांनी १९९७ साली मध्य अमेरिकेतील डर्मोफिस वंशावर प्रयोग करून ही द्रवदाबी गती सिद्ध केली. म्हणजे गांडुळाची युक्ती पृष्ठवंशी प्राण्याने आपल्या परीने साधली आहे. या गतीसाठी घट्ट व जड कवटी आवश्यक असते, कारण तिचाच उपयोग पाचरीसारखा होतो. गेगेनिओफिस वंशात डोळ्यांवरही हाड येते ते याच अनुरोधाने समजून घेता येते.

नामकरणाचा इतिहास

गेगेनिओफिस हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भूमीतून जन्मलेला सर्प असा होतो. या वंशाची आधारभूत जाती, गेगेनिओफिस कार्नोसस, हिचे वर्णन रिचर्ड हेन्री बेडोम यांनी वायनाड भागातील नमुन्यावरून १८७० साली केले होते. पुढे अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे एडवर्ड टेलर यांनी १९६४ साली केरळातील गेगेनिओफिस रामस्वामी या जातीचे वर्णन केले. अपाद उभयचरांच्या कवटीचा अभ्यास करणारे एल. एस. रामस्वामी यांचे नाव तिला दिलेले आहे. टेलर यांचा जगातील सर्व देवगांडुळांवरील बृहद्ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्राचा संबंध प्रथम येतो तो निराळ्या वंशाच्या संदर्भात. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून टेलर यांनी १९६० साली इंडोटिफ्लस बॅटर्सबाय ही जाती व तिच्यासाठी नवा वंश प्रस्थापित केला. त्यानंतर चार दशके सह्याद्रीच्या उत्तर भागातील देवगांडुळांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही उणीव २००३ व २००४ या दोन वर्षांत बऱ्याच अंशी भरून निघाली. रविचंद्रन, डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन यांनी २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या नमुन्यावरून गेगेनिओफिस शेषाचारी ही जाती वर्णिली. त्याच वर्षी वरद गिरी, विल्किन्सन व गॉवर यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीची गेगेनिओफिस डॅनिएली ही जाती प्रसिद्ध केली. तिला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतील निसर्गाभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले. पुढील वर्षी कोयना परिसरातील हुंबर्ली येथील इंडोटिफ्लस महाराष्ट्रएन्सिस या जातीची भर पडली.

डोर्ले येथील जातीस ज्यांचे नाव मिळाले ते बी. आर. शेषाचार म्हैसूर विद्यापीठात अध्यापन करीत असताना अपाद उभयचरांच्या शुक्रजननावर व भ्रूणविज्ञानावर महत्त्वाचे कार्य करणारे प्राणिशास्त्रज्ञ होते. गेगेनिओफिस कार्नोससची अंडी व भ्रूण यांविषयीचे त्यांचे टिपण १९४२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. ज्यांनी या वंशाच्या अंड्यांचे वर्णन केले त्यांच्याच नावाची जाती अंडी न घालणारी निघावी, हा योगायोग लक्षणीय आहे. नाव देतेवेळी ही गोष्ट कोणासही ज्ञात नव्हती.

प्रजननाचे प्रकार

देवगांडुळांच्या प्रजननाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. बहुसंख्य बेडकांत निषेचन शरीराबाहेर, पाण्यात होते. ज्ञात अशा सर्व देवगांडुळांत मात्र ते अंतर्निषेचन असते. नराच्या अवस्कराचा काही भाग उलटून बाहेर येतो व संगमेंद्रियाचे कार्य करतो. अंडे मादीच्या शरीरातच फलित होत असल्याने ते किती काळ आत राहावे, हा प्रश्न उत्क्रांतीच्या दृष्टीने खुला राहतो. त्याची उत्तरे या गणात मुख्यतः तीन प्रकारची मिळतात.

पहिला प्रकार इक्थिओफिसचा. पॉल व फ्रिट्झ सारासिन या चुलतबंधूंनी सिंहलद्वीपात केलेला व १८८७ ते १८९० या काळात प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबतीत पायाभूत आहे. मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते व ती राखते. डिंभ पाण्यात जाऊन तेथे वाढतो व रूपांतरानंतर जमिनीत शिरतो.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष विकासाचा. यात अंडी जमिनीतच घातली जातात. परंतु मुक्त डिंभावस्था नसते. संपूर्ण विकास अंड्याच्या आवरणात होऊन लहानसे देवगांडूळच बाहेर पडते. केरळातील गेगेनिओफिस रामस्वामी या प्रकारात मोडते. तिची मादीही अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते.

तिसरा प्रकार पिले प्रसवण्याचा. मराठीत यास जरायुजता म्हणण्याची प्रथा आहे. परंतु जरायु म्हणजे गर्भवेष्टन व त्याला जोडलेली अपरा, असा अर्थ घेतल्यास सस्तन प्राण्यांसारखी अपरा येथे नसते, हे स्पष्ट केले पाहिजे. गर्भाचे पोषण निराळ्या मार्गाने होते. अंड्यातील पीतक थोडे असते व ते लवकर संपते. त्यानंतर अंडवाहिनीचे अस्तर जाड होऊन पोषक द्रव्ये स्रवू लागते आणि गर्भ ती तोंडाने ग्रहण करतो. त्यासाठी त्याला विशिष्ट आकाराचे बारीक गर्भदंत असतात. जन्माच्या सुमारास ते गळून पडतात व प्रौढ दात येऊ लागतात. या दातांचे महत्त्व एच. डब्ल्यू. पार्कर यांनी १९५६ साली दाखविले व पुढे मार्व्हली वेक यांनी अंडवाहिनी व गर्भ यांच्या परस्परसंबंधांचा सखोल अभ्यास केला.

मातेच्या शरीरातून पोषण घेण्याची ही वृत्ती काही अंडज जातींतही दिसून आली आहे. केनियातील बुलेंगेरुला टाइटाना या जातीची पिले अंड्यातून बाहेर आल्यावर मातेच्या त्वचेचा स्निग्धयुक्त बाह्यस्तर दातांनी खरवडून खातात, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील सायफोनॉप्स ॲन्युलेटस या जातीत तर माता अवस्करावाटे दुधासारखा पोषक द्रव पिलांना पाजते, हे २०२४ साली सिद्ध झाले. गर्भदंतांसारखे दात अशा त्वचाभक्षी पिलांनाही असतात. त्यामुळे शरीराबाहेर मातेची त्वचा खाणे आणि शरीरात तिच्या अंडवाहिनीचे स्राव ग्रहण करणे यांचा उत्क्रांतीत निकट संबंध असावा, असा तर्क मांडला गेला आहे.

२००८ मधील निष्कर्ष

या पार्श्वभूमीवर गेगेनिओफिस शेषाचारीचे स्थान पाहता येते. गॉवर, वरद गिरी, महेश धारणे व योगेश शौचे यांनी २००८ साली 'जर्नल ऑफ इव्होल्यूशनरी बायॉलॉजी' या नियतकालिकात या जातीच्या मादीच्या अंडवाहिनीत विकसनशील गर्भ असल्याची नोंद केली. तोपर्यंत पिले प्रसवणारी देवगांडुळे केवळ आफ्रिका व अमेरिका या खंडांतील ज्ञात होती. आशियातील देवगांडुळांत हा पहिलाच दाखला होय. त्याचप्रमाणे पिले प्रसवणाऱ्या ज्ञात देवगांडुळांत ही जाती आकाराने सर्वांत लहान ठरली.

या नोंदीचे महत्त्व एका जातीच्या माहितीत पडलेल्या भरीपुरते नाही. एखादे लक्षण दोन समूहांत आढळले की ते समान पूर्वजापासून आले की स्वतंत्रपणे उद्भवले, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर वंशवृक्षावाचून देता येत नाही. म्हणून वरील संशोधकांनी तंतुकणिकांतील डी. एन. ए. च्या क्रमांवरून वंशवृक्ष तयार केला व त्यावर प्रजननाचे प्रकार मांडून पाहिले. शेषाचारी ही जाती भारत व सेशेल्स येथील देवगांडुळांच्या समूहातच बसते, आफ्रिका वा अमेरिकेतील पिले प्रसवणाऱ्या जातींशी तिचे निकटचे नाते नाही, असे दिसून आले. तेव्हा तिच्यातील हे लक्षण स्वतंत्रपणे उद्भवले असले पाहिजे. या गणनेनुसार देवगांडुळांत पिले प्रसवण्याची रीती किमान चार वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली आहे. उभयचरांच्या सर्वांत लहान गणाच्या दृष्टीने ही संख्या मोठी आहे.

ज्या कुलात ही जाती आज समाविष्ट आहे त्या इंडोटिफ्लिडी कुलाकडे पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. सेशेल्समधील ग्रँडिसोनिया अल्टर्नान्स हिला जलचर डिंभ असतो. तेथीलच हायपोजिओफिस रॉस्ट्रेटस हिचा विकास प्रत्यक्ष असतो. गेगेनिओफिस रामस्वामी अंडी राखते आणि गेगेनिओफिस शेषाचारी पिले प्रसवते. प्रजननाचे तिन्ही प्रकार एका कुलात व त्यांतील दोन एकाच वंशात आढळतात. बाहेरून मात्र या वंशातील जाती परस्परांसारख्याच दिसतात. वलयांची संख्या, दातांची मांडणी, स्पर्शिकेचे स्थान अशा बारीक लक्षणांवरूनच त्या वेगळ्या करता येतात. यावरून निघणारा निष्कर्ष असा की, बाह्यरूपातील साम्यावरून जीवनक्रमातील साम्य गृहीत धरता येत नाही. ज्या जातीची मादी योग्य ऋतूत तपासली गेलेली नाही तिच्या प्रजननाविषयी वंशबंधूंच्या आधारे केलेले विधान हे अनुमान असते, निरीक्षण नव्हे.

भूमी आणि वितरण

महाराष्ट्रातील देवगांडुळांच्या वरील नोंदी सह्याद्री व कोकण या पट्ट्यातील आहेत. हा पट्टा आणि वसमतचा काळ्या मातीचा मुलूख हे दोन्ही एकाच दख्खनी अग्निजन्य खडकाच्या प्रदेशात मोडतात. भेद आहे तो पर्जन्याचा आणि त्यातून घडलेल्या मातीचा. पश्चिमेस अतिवृष्टीमुळे त्या खडकाचे जांभ्यात रूपांतर झाले. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथील पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती पावसाळाभर ओली राहते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात त्याच खडकापासून बनलेली चिकण काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात खोल भेगा पडून वाळते. त्वचेवाटे श्वसन करणाऱ्या व त्वचेतील ओलावा झपाट्याने गमावणाऱ्या प्राण्यास अशी जमीन प्रतिकूल ठरते. वाळ्यास ती चालते, कारण त्याची खवल्यांची कातडी ओलावा राखून ठेवते. दोन सदृश प्राण्यांच्या वितरणातील फरकाचे हे शरीरक्रियात्मक कारण होय.

तथापि पश्चिम घाट म्हणजेच देवगांडुळांचा प्रदेश, असे समीकरण मांडणेही घाईचे ठरेल. पूर्व घाटातील गेगेनिओफिस ओरिएन्टालिस या जातीचे वर्णन २०१३ साली झाले. तोपर्यंत हा वंश पश्चिमेपुरताच मर्यादित मानला जात होता. ईशान्य भारतातील देवगांडुळांसाठी तर २०१२ साली चिकिलिडी हे स्वतंत्र कुलच स्थापावे लागले. प्राणी दिसत नाही एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही; विशेषतः जो वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली असतो त्याच्या बाबतीत.

भूशास्त्राच्या दृष्टीनेही हा समूह विचार करावयास लावतो. सेशेल्सचा भूखंड भारतापासून अलग होणे आणि दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरणे या घटना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. देवगांडुळांस समुद्र ओलांडणे अत्यंत कठीण. तेव्हा भारत व सेशेल्स येथील जातींचे नाते त्या भूखंडांच्या एकेकाळच्या सलगतेकडे बोट दाखविते. पण डोर्ले, आंबोली व खंडाळा ही स्थळे नेमकी लाव्ह्याने व्यापलेल्या प्रदेशात येतात. तेथील जातींचे पूर्वज लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाल्यानंतरच तेथे पोहोचले असले पाहिजेत. ते कोणत्या दिशेने आले, याचे उत्तर दक्षिणेकडील व पूर्व घाटातील जातींशी तुलना करूनच मिळू शकेल.

अभ्यासाची दिशा

२००४ सालच्या जागतिक उभयचर मूल्यमापनात देवगांडुळांच्या सुमारे दोन तृतीयांश जाती 'माहिती अपुरी' या वर्गात पडल्या. हा वर्ग सुरक्षिततेचा निदर्शक नाही. पिले प्रसवणाऱ्या जातींत एका वेळी होणारी संतती थोडी असते आणि प्रत्येक पिलावर मातेने बरेच पोषण खर्च केलेले असते. अशा जातींची संख्या एकदा घटली की ती भरून येण्यास विलंब लागतो. कोकणात जांभ्याच्या खाणी, सड्यांचे सपाटीकरण व बागायतीसाठी होणारी खोदाई यांनी जमिनीचा वरचा थर नष्ट होतो, आणि देवगांडुळाचे सर्व जीवन त्याच थरात चालते. साप समजून मारले जाणाऱ्या देवगांडुळांची तर नोंदच होत नाही.

या परिस्थितीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांस करण्याजोगे कार्य पुष्कळ आहे व त्यासाठी खर्चिक साधनसामग्री लागत नाही. पावसाळ्याच्या निरनिराळ्या टप्प्यांत मातीतील ओल व उष्णमान यांची मापने घेणे, खोदाईत वा रस्त्यावर मृत सापडलेले नमुने दिनांक व स्थळासह जतन करणे, संग्रहालयांतील जुन्या माद्यांच्या अंडवाहिन्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली तपासणे, ही त्यांतील काही कामे होत. जिवंत प्राणी पकडण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घेणे आवश्यक आहे. शेषाचारी जातीचे नामकरण २००३ साली झाले आणि तिच्या प्रजननाचा प्रकार २००८ साली कळला. या पाच वर्षांत ती जाती बदलली नाही. बदलले ते तिच्याकडे पाहणाऱ्यांचे ज्ञान. नामकरणाने जातीचा अभ्यास पूर्ण होत नाही, तो सुरू होतो. महाराष्ट्रातील इतर देवगांडुळांपैकी कोणती अंडी राखतात व कोणती पिले प्रसवतात, हे ठरविण्याचा मार्ग त्याच पद्धतीच्या निरीक्षणातून जातो.